जंतूंना अटकाव करणारं सिलिकोन: प्रयोगशाळेत पहिली चकती बनवताना

शरीरात बसवायच्या नळ्या सिलिकोनच्या करतात, कारण सिलिकोन कुणाच्या अध्यातमध्यात नसतं. रक्ताशी, पेशींशी फारसं भांडत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. अडचण अशी की ते जंतूंशीही भांडत नाही. लघवीची कॅथेटर असो की मेंदूतलं पाणी उतरवणारा शंट, जंतू त्यावर थर धरतात. तो थर एकदा जमला की नुसत्या औषधाने सहसा जात नाही, नळीच काढावी लागते. म्हणून सिलिकोनमध्येच जंतूंना अडवणारा गुण मुरवायचा.

हा लेख एमएस्सीच्या पातळीवरच्या नवख्यांसाठी आहे. मुख्य भर दोन कृतींवर आहे: थायमॉल (ओव्यातलं जंतुनाशक) मुरवलेली चकती आणि लायसोझाइम (जंतूंची भिंत फोडणारं एन्झाइम) धरून ठेवणारी ग्लिसरॉल-सिलिकोन चकती. दोन्हीला महागडं यंत्र लागत नाही. तराजू, व्हॅक्युम डेसिकेटर, ओव्हन, फ्यूम हूड आणि सूक्ष्मजीवशास्त्राची साधी प्रयोगशाळा पुरते.

आधी रेणू बघा, मग कृती निवडा

नवखा माणूस पावडर सिलिकोनमध्ये ढवळतो, ओततो आणि दुसऱ्या दिवशी चिकट लगदा हातात घेऊन बसतो. याचं कारण रसायनात आहे. प्रयोगशाळेत सर्रास वापरलं जाणारं दोन भागांचं सिलिकोन (उदाहरणार्थ सिलगार्ड १८४) प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होतं. बेस (मूळ घट्ट द्रव) मधले व्हिनाइल गट आणि क्रॉसलिंकर (साखळ्या जोडणारा दुसरा भाग) मधले सिलिकॉन-हायड्रोजन बंध प्लॅटिनम जुळवून देतं. ते असतं अगदी नाममात्र, त्यामुळे त्याला अडवायलाही नाममात्र विष पुरतं. अमाइन, गंधक, फॉस्फिन आणि सेंद्रिय कथील ही त्यातली नेहमीची विषं. जंतू मारणाऱ्या पुष्कळ रेणूंमध्ये नेमके अमाइन किंवा गंधकाचे गट असतात. क्लोरहेक्सिडिन घ्या, प्रथिनं घ्या, पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं घ्या. म्हणजे जो गुण आपल्याला हवा, तोच बऱ्याचदा सिलिकोनला घट्ट होऊ देत नाही.

यातून सुटायच्या वाटा तीन. पहिली, सिलिकोन आधी पूर्ण घट्ट करा आणि औषध नंतर मुरवा. दुसरी, रेणू एखाद्या द्रवाच्या थेंबात बंद करून प्लॅटिनमपासून दूर ठेवा. तिसरी, रेणू फक्त पृष्ठभागावर बांधा. कथिलावर घट्ट होणारं सिलिकोन अमाइन सहन करतं, हे खरं आहे. पण मागे राहणारं सेंद्रिय कथील पेशींना विषारी असतं. मग चाचणीत जंतू मेले ते औषधाने की कथिलाने, हे सांगता येत नाही. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रश्न: रेणू सिलिकोनमध्ये विरघळतो का? थायमॉल, प्रोजेस्टेरॉन, लेव्होनॉरजेस्ट्रेल असे लहान, तेलकट रेणू सिलिकोनमधून आपोआप सरकतात. १९६४ मध्ये ज्यूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी सिलिकोन रबर औषधाचा दीर्घकाळ पुरवठा करू शकतं हे दाखवलं. पुढे प्रत्येकी ३६ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल भरलेल्या सहा कांड्यांचं नॉरप्लांट हे त्वचेखाली बसवायचं गर्भनिरोधक त्याच तत्त्वावर आलं. गायी-म्हशी माजावर आणण्यासाठी पशुवैद्य योनीत ठेवतात ते प्रोजेस्टेरॉनचं सीआयडीआर नावाचं साधनही सिलिकोनचंच असतं. याउलट मीठ, साखर, प्रथिनं सिलिकोनमधून सरकत नाहीत. ती आत कोंडली की कोंडलीच. त्यांना बाहेर यायला पाण्याची वाट करून द्यावी लागते.

नवा पदार्थ हाती आला की आधी ठिगळ-चाचणी करा. दोन ग्रॅम मिसळलेल्या सिलिकोनमध्ये पदार्थाचा चिमूटभर दाणा टाका, शेजारी काहीही न टाकलेला दुसरा कप ठेवा आणि दोन्ही रात्रभर ६० अंशांवर ठेवा. दाण्याभोवती चिकटपणा राहिला तर समजायचं, हा पदार्थ मिसळून चालणार नाही. आठवडाभराचं सामान वाचतं.

कोरी चकती

थायमॉलच्या कृतीला कोरी चकती लागते, तुलनेसाठी तर लागतेच. ९० मिमीच्या प्लास्टिक पेट्री डिशमध्ये २ मिमी जाडीचा थर हवा असेल तर साधारण १२ ग्रॅम सिलिकोन लागतं. कपाला चिकटून वाया जाणारं धरून १३ ग्रॅम बेस आणि १.३ ग्रॅम क्रॉसलिंकर घ्या. प्रमाण वजनानेच मोजायचं. घट्ट द्रव सिरिंजने मोजला की प्रमाण हमखास चुकतं.

१. हातमोजे व्हिनाइलचे घाला. लॅटेक्समध्ये गंधक असतं, आणि त्या हाताने डिशची कड जरी पुसली तरी नेमकी तिथे चिकट रेघ राहते. नायट्रिलचे काही मोजेही त्रास देतात.

२. काचकांडीने किंवा स्टीलच्या पात्याने तीन ते पाच मिनिटं ढवळा. कपाचा तळ आणि कडा खरवडत राहा. मिश्रण बुडबुड्यांनी दुधट दिसायला हवं. पारदर्शक दिसलं तर ढवळणं कमी पडलं.

३. कप व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये ठेवा. फेस तिप्पट-चौपट वर येतो, म्हणून कप एक चतुर्थांशच भरलेला असावा. फेस काठापर्यंत आला की थोडी हवा आत सोडा, बसला की परत ओढा. अर्ध्या तासात मिश्रण स्वच्छ होतं.

४. सपाट डिशमध्ये हळू ओता आणि ६० अंशांवर चार तास ठेवा. पॉलिस्टायरीनची डिश याहून फार गरम केली की वाकते. काचेची डिश असेल तर १०० अंशांवर ३५ मिनिटं पुरतात, फक्त मग थर सोडवताना फाटण्याची शक्यता वाढते.

५. ८ मिमीच्या बायोप्सी पंचने चकत्या कापा. अशा प्रत्येक चकतीचं आकारमान साधारण ०.१ घन सेमी आणि वजन १०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं.

आता एक पायरी, जी बहुतेक जण गाळतात. घट्ट झालेल्या सिलिकोनमध्ये न जुळलेल्या साखळ्या राहून जातात, वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. मुरवण्याच्या द्रावकात चकती टाकली की त्या बाहेर येतात. म्हणजे औषध आत शिरत असतानाच सिलिकोन बाहेर जात असतं आणि तराजूवर दोन्हींची वजाबाकी दिसते. पाच टक्के औषध मुरूनही वजन जागचं हललं नाही असं वाटतं. म्हणून चकत्या आधी भरपूर इथाइल अॅसिटेटमध्ये २४ तास बुडवा, द्रावक एकदा बदला, मग फ्यूम हूडमध्ये दोन दिवस वाळवा आणि नंतरच 'सुरुवातीचं वजन' लिहा.

थायमॉल मुरवणं

थायमॉल म्हणजे ओव्याचं फूल. पहिल्या प्रयोगाला ते निवडण्याची कारणं व्यवहारी आहेत. स्वस्त आहे, सहज मिळतं, सिलिकोनमध्ये विरघळतं, आणि प्रतिजैविक नसल्यामुळे प्रयोगशाळेच्या मोरीत रिफॅम्पिसिनसारखं प्रतिजैविक सोडून प्रतिकारक जंतू पोसण्याचं पाप लागत नाही. मात्र स्फटिक त्वचेला आणि डोळ्यांना भाजतात, म्हणून गॉगल हवाच.

द्रावक निवडताना सिलिकोन त्यात किती फुगतं ते पाहायचं. लांबीच्या मापाने क्लोरोफॉर्ममध्ये ते १.३९ पट, टोल्युइनमध्ये १.३१ पट, इथाइल अॅसिटेटमध्ये १.१८ पट, अॅसिटोनमध्ये १.०६ पट आणि इथेनॉलमध्ये जेमतेम १.०४ पट फुगतं. इथेनॉल सुरक्षित खरं, पण त्यात फुगणं इतकं कमी की औषध आत जायला फार थोडा द्रव मिळतो. क्लोरोफॉर्ममध्ये भरपूर मुरतं, पण ते विषारी आहे आणि फुगलेली चकती चिमट्यात तुटते. नवख्यांनी इथाइल अॅसिटेट घ्यावं. ज्वलनशील आहे, तेव्हा जवळपास बर्नर पेटलेला नको.

किती मुरेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. १.१८ चा घन १.६४. म्हणजे एक घन सेमी सिलिकोन साधारण ०.६४ मिली द्रावक पितं. द्रावण १० टक्के, म्हणजे १०० मिलीमध्ये १० ग्रॅम असेल तर त्या ०.६४ मिलीबरोबर ६४ मिलिग्रॅम थायमॉल आत जातं, वजनाने साधारण सहा टक्के. आपल्या १०० मिलिग्रॅमच्या चकतीत सहा मिलिग्रॅम. प्रत्यक्ष आकडा याच्या बराच खाली आला तर वाळवताना थायमॉल उडालं असं धरा. फारच वर गेला तर द्रावक अजून आत आहे.

कृती सोपी आहे. झाकणाच्या काचेच्या बाटलीत १० टक्क्यांचं द्रावण ५० मिली घ्या, त्यात दहा चकत्या सोडा आणि रात्रभर ठेवा. २ मिमी जाडीला काही तासच लागतात, पण रात्रभर ठेवल्याने बिघडत नाही. दुसऱ्या बाटलीत नुसतं इथाइल अॅसिटेट आणि पाच कोऱ्या चकत्या ठेवा. या पाच पुढे दोनदा कामाला येतात. सकाळी चकत्या बाहेर काढून, पृष्ठभाग कोऱ्या इथाइल अॅसिटेटमध्ये दोन सेकंद बुडवून धुवा आणि टिपकागदावर ठेवा.

वाळवणं हाच या कृतीतला नाजूक भाग. थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळतं आणि खोलीच्या तापमानालाही उडतं. घाई करून चकत्या ओव्हनमध्ये किंवा व्हॅक्युममध्ये ठेवल्या की द्रावकाबरोबर औषधही जातं आणि मागे सुवासिक पण निकामी सिलिकोन उरतं. फ्यूम हूडमध्ये, झाकण थोडं सरकवलेल्या काचेच्या डिशमध्ये, खोलीच्या तापमानाला वाळू द्या. थायमॉलच्या चकत्यांचं वजन कधीच पूर्ण स्थिर होत नाही, ते हळूहळू घटतच राहतं. म्हणून थांबायचं कधी, हे त्या कोऱ्या पाच चकत्यांवरून ठरवा. त्यांचं वजन मूळ आकड्यावर आलं की द्रावक गेला. त्या क्षणी थायमॉलच्या चकत्या तोला आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत, फ्रिजमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या कुपीत ठेवू नका, कारण थायमॉल प्लास्टिकमध्येही शिरतं.

वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी झाक दिसली तर ते बाहेर फुटलेले स्फटिक आहेत. एक तर द्रावण फार तीव्र होतं किंवा वाळवणं फार जलद झालं. अशी चकती चाचणीत उत्तम निकाल देते आणि दुसऱ्या दिवशी काहीच करत नाही, कारण सगळं काम वरच्या स्फटिकांनी केलेलं असतं. इथेनॉलच्या बोळ्याने पुसून पुन्हा तोला.

याच वाटेने गेलेलं एक खरं उत्पादन म्हणजे बॅक्टिसील शंट. नॉटिंगहॅमच्या रॉजर बेस्टन यांच्या कामातून पुढे आलेल्या या पद्धतीत घट्ट झालेल्या सिलिकोन नळीत रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन मुरवतात. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या बेसिक्स चाचणीत ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सोळाशेहून जास्त रुग्णांवर साधा, प्रतिजैविकाचा आणि चांदीचा असे तीन शंट ताडून पाहिले. संसर्गामुळे शंट काढावा लागण्याचं प्रमाण साध्यात सुमारे ६ टक्के, प्रतिजैविकाच्या शंटमध्ये २ टक्के आणि चांदीच्या शंटमध्ये पुन्हा ६ टक्के निघालं. चांदीचं नाव घातलं की काम झालं असं समजणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

ग्लिसरॉलचे थेंब आणि लायसोझाइम

प्रथिनासाठी वाट वेगळी. ग्लिसरॉल सिलिकोनमध्ये विरघळत नाही. जोराने ढवळलं की त्याचे बारीक थेंब होतात आणि सिलिकोन घट्ट झालं की जागच्या जागी अडकतात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात अशा ग्लिसरॉल-सिलिकोन रबरांवर बरंच काम झालं आहे. थेंबात विरघळलेलं एन्झाइम प्लॅटिनमपासून दूर राहतं. चकती पाण्यात टाकली की ग्लिसरॉल पाणी ओढून घेतं, थेंब फुगतात, एकमेकांना मिळतात आणि बाहेर पडायला वाट होते.

कोरड्या ग्लिसरॉलच्या प्रत्येक ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम अंड्यातलं लायसोझाइम टाका आणि खोलीच्या तापमानाला, चुंबकी ढवळणीवर रात्रभर सावकाश विरघळू द्या. वर फेस आला तर वेग कमी करा. फेसात प्रथिन बिघडतं. मग १० ग्रॅम मिसळलेल्या सिलिकोनमध्ये (बेस आणि क्रॉसलिंकर १० ला १) हे ग्लिसरॉल ५ ग्रॅम घाला. एकदम नाही, चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि दर वेळी मिश्रण एकसारखं पांढरं होईपर्यंत फेटा. आधीच सगळं ओतलं की थेंब मोठे राहतात आणि तळाशी बसतात, कारण ग्लिसरॉलची घनता १.२६ आहे आणि सिलिकोनची जेमतेम १.०३. व्हॅक्युम थोडाच वेळ द्या. ४० अंशांवर २४ तास ठेवा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, घट्ट झालेला थर पावासारखा जाळीदार निघतो. लोक म्हणतात हवा नीट काढली नाही. बऱ्याचदा तो वायू हायड्रोजन असतो: प्लॅटिनम असताना सिलिकॉन-हायड्रोजन बंध पाण्याशी आणि ग्लिसरॉलच्या हायड्रॉक्सिल गटांशी क्रिया करून हायड्रोजन सोडतात. ग्लिसरॉल हवेतलं पाणी पितं, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उघडी राहिलेली बाटली या कामाला नालायक. नवी बाटली उघडा, लागेल तेवढं घ्या, लगेच बंद करा. दुसरी, थर मऊ राहतो. कारण तेच, क्रॉसलिंकरचा काही भाग ग्लिसरॉलकडे खर्ची पडला. तेव्हा प्रमाण १० ला १.१ किंवा १.२ करून पाहा.

थराच्या वरखाली सिलिकोनची पातळ कातडी असते, ती वाट अडवते. पंचने कापलेल्या कडेतून एन्झाइम जास्त येतं. म्हणून एका चकतीची दुसरीशी तुलना करताना व्यास आणि जाडी तीच हवी. नाहीतर फरक औषधाचा नसून कडेचा असतो.

काम तपासायला आगर प्लेटपेक्षा गढूळपणाची चाचणी बरी. वाळवलेल्या मायक्रोकॉकसच्या पेशी ६.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये अशा घोळा की ४५० नॅनोमीटरवर शोषण ०.६ ते ०.७ येईल. चकती बुडवून ठेवलेल्या बफरचा ०.१ मिली २.५ मिली घोळात टाका आणि शोषण किती वेगाने उतरतं ते पाहा. मिनिटाला ०.००१ उतरलं की ते एक एकक. तुलनेला लायसोझाइमविरहित ग्लिसरॉलची चकती घ्या, नुसती सिलिकोनची नको. आणि ई. कोलायवर लायसोझाइम 'चाललं नाही' म्हणून निराश होऊ नका. त्या जंतूच्या बाहेरच्या पडद्यातून ते आत पोचतच नाही.

पृष्ठभागापुरती वाट, आणि झिंक ऑक्साइड

ऑक्टाडेसिल साखळीचा क्वाटर्नरी अमोनियम सिलेन, म्हणजे एका टोकाने सिलिकोनला चिकटणारा आणि दुसऱ्या टोकाने जंतू मारणारा रेणू, पृष्ठभागावर बांधता येतो. सिलिकोनवर ऑक्सिजन किंवा हवेचा प्लाझ्मा मारा आणि काही मिनिटांतच सिलेनच्या द्रावणात बुडवा. उशीर केला तर आतल्या साखळ्या वर सरकतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकू लागतो. मग धुऊन ८० ते १०० अंशांवर तासभर भाजा. सिलेन खरंच बसला का, हे ब्रोमोफिनॉल ब्ल्यूच्या द्रावणाने कळतं. पृष्ठभाग निळा राहिला तर बसला. असा पृष्ठभाग टेकलेल्या जंतूलाच मारतो, आणि रक्तातल्या प्रथिनांचा लेप बसला की थंडावतो. झिंक ऑक्साइड मात्र सरळ बेसमध्ये मिसळता येतं, वजनाने एक ते पाच टक्के. आधी १२० अंशांवर वाळवा, गुठळ्या फोडा. सिल्व्हर नायट्रेट मिसळाल तर मिश्रण तपकिरी होईल. सिलिकॉन-हायड्रोजन बंध चांदीला धातूरूप देतात आणि क्रॉसलिंकर तेवढा कमी होतो.

जंतूंवर चाचणी

पहिल्यांदा बॅसिलस सबटिलिस किंवा ई. कोलाय के-१२ घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला दुसऱ्या पातळीची जैवसुरक्षा लागते. प्रमाणित वाण पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या जंतुसंग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या संग्रहाकडून मागवता येतात.

४ मिमी जाडीचं म्युलर-हिंटन आगर (जंतू वाढवायचं माध्यम), त्यावर ०.५ मॅकफारलँड (गढूळपणाचं प्रमाणित माप) इतका गढूळ जंतूंचा घोळ पसरून वर चकती, ३५ अंशांवर १६ ते १८ तास. चकतीच्या कडेपासून स्वच्छ वर्तुळ मोजा. थायमॉलच्या बाबतीत इथे एक खोच आहे: त्याची वाफही जंतू मारते. कोरी चकती त्याच प्लेटमध्ये ठेवली तर तिच्याभोवतीही वाढ कमी दिसते आणि सिलिकोन स्वतःच जंतुनाशक आहे असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो. कोऱ्या चकत्यांना स्वतंत्र प्लेट द्या, आणि ती उबवणीयंत्राच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. क्वाटर्नरी सिलेनच्या चकतीभोवती वर्तुळ येऊच नये. आलं तर सिलेन सुटतो आहे.

न सुटणाऱ्या पृष्ठभागासाठी आयएसओ २२१९६ ही पद्धत आहे. ५० मिमी चौरस तुकड्यावर ०.४ मिली जंतूंचा घोळ, त्यावर ४० मिमी चौरस पातळ प्लास्टिक, ३५ अंश, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रता, २४ तास. मग जंतू धुऊन मोजायचे. सिलिकोनवर घोळ पसरत नाही आणि प्लास्टिक दाबलं की कडेने बाहेर येतो, म्हणून ते हलकेच टेकवा. धुण्याच्या द्रवात उदासीनक, म्हणजे औषध निष्प्रभ करणारा पदार्थ, हवाच: क्वाटर्नरीसाठी लेसिथिन आणि ट्वीन ८०, थायमॉलसाठीही ट्वीन ८०. तो नसेल तर औषध मोजणीच्या प्लेटवर जाऊन तिथे जंतू मारतं आणि निकाल उगाच फुगतो. त्याची परीक्षा सोपी आहे. चकती धुतलेल्या द्रवात मोजून शंभरेक जंतू सोडा. तेवढेच उगवले तर उदासीनक काम करतो.

थायमॉल किती दिवस पुरतं हे पाहायला एक चकती ५० मिली बफरमध्ये, काचेच्या बाटलीत, ३७ अंशांवर ठेवा. बफर रोज बदला आणि २७४ नॅनोमीटरवर शोषण मोजा. सुटलेलं एकूण थायमॉल वेळेच्या वर्गमुळासमोर मांडलं की सुरुवातीचा भाग बऱ्यापैकी सरळ रेषेत यायला हवा. पहिल्याच बिंदूला मोठी उडी दिसली तर पृष्ठभागावर स्फटिक राहिले होते.

या चकत्या जखमेवर, तोंडात किंवा जनावरावर वापरायच्या नाहीत. जंतू मारणारं सिलिकोन आपल्या पेशीही मारू शकतं, आणि त्यासाठी आयएसओ १०९९३-५ प्रमाणे एल-९२९ या उंदराच्या पेशींवर वेगळी चाचणी लागते. तिच्यासाठी अर्क काढताना अर्ध्या मिमीहून जाड नमुन्याला दर मिलीमागे ३ चौरस सेमी पृष्ठभाग धरतात. ८ मिमीच्या, २ मिमी जाड चकतीचा पृष्ठभाग दीड चौरस सेमी, म्हणजे दोन चकत्यांना एक मिली माध्यम.